चांदरे, सांग तिले

माझे अक्षर किरटे आहे आणि वेलांट्या हमखास चुकतात. चौथी झाली आणि पाटी सुटली. त्यानंतर हात शेणात आणि पिठातच राहिला. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका वाचणाऱ्याने पोटात घालाव्यात. पण माझे भासरे माझ्याशी गाईमार्फत बोलत असत, ही गोष्ट कुठेतरी लिहून ठेवावी असे फार दिवस मनात आहे. तोंडाने सांगायला गेले की मला लाज वाटते आणि ऐकणारे हसतात.

भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर यायचे नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही, त्यांचे नाव घ्यायचे नाही. त्यांनीही तिच्याशी बोलायचे नाही. घरात सासू असली, नणंद असली, म्हणजे निरोप इकडून तिकडे जातात. आमच्या घरात दोघीही नव्हत्या. नवरा दिवसभर वावरात. उरलो मी, भासरे आणि गोठ्यातली ढोरे. मग भाकर झाली का, हे विचारायचे तरी कोणाला? भासरे खाकरून अंगणात येत, दाराकडे पाठ करून उभे राहत आणि बैलाला विचारत, "काय गा पाखऱ्या, भाकर झाली का?"

पाखऱ्या रवंथ करत राही. मी आतून परात वाजवी. वाजली म्हणजे झाली. नाही वाजली म्हणजे थांबा.

त्यांचे नाव मी इथेही लिहिणार नाही. हात वळत नाही. गावातले लोक त्यांना झिरेभाऊ म्हणत, तेवढे पुरे.

आमचे गाव जिवतीच्या डोंगरावर. पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो, पण पडलेले पाणी डोंगर उतरून पळून जाते. आमच्या गावात पाणी पाहुण्यासारखे येते, बसत नाही. माघ सरला की नाला आटतो. मग नाल्याच्या वाळूत खड्डा खणायचा, वाळू ढासळू नये म्हणून त्यात बिनबुडाची बांबूची टोपली बसवायची, आणि वाट पाहायची. तळातून हळूहळू पाणी पाझरते. त्याला झिरा म्हणतात. वरचा झिरा माणसांचा, खालचा ढोरांचा. दरवर्षी दोन्ही झिरे भासरेच खणत. त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्याबद्दल कोणी काही देतही नव्हते.

ढोरांच्या झिऱ्याशेजारी मोहाचे खोड कोरून केलेली लांब डोणी होती. भासरे कमरेला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा बांधून झिऱ्याकाठच्या दगडावर बसत आणि तुंब्याने पाणी काढून डोणीत ओतत. पाणी तळाला गेले की हात थांबवत. नव्याने पाझरेपर्यंत कोणी तिथे मोठ्याने बोललेले त्यांना खपत नसे.

"हळू बोल गा. झिरा झोपून राह्यला."

एकदा शेजारच्या गिरजाबाईंचा जावई खांद्याला ट्रान्झिस्टर लावून नाल्यात उतरला. गाणे चालू होते. भासऱ्यांनी उठून त्याला हात जोडले. "जावईबापू, गानं बंद करा. झिरा दचकते आन् मंग पानी गढूळ येते." जावयाने घाबरून ट्रान्झिस्टर बंद केला, आणि पुन्हा कधी तो नाल्याकडे फिरकला नाही. भासऱ्यांना तेच हवे होते, असे गिरजाबाई म्हणत.

मधे एकदा बोअरची गाडी डोंगर चढून आली. घरघर करत तिने गावभर पांढरी धूळ उडवली आणि एक हातपंप उभा करून ती निघून गेली. त्या हातपंपाला पाणी कधीच आले नाही. लोक चिडले, भासरे चिडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते त्याला वासरू बांधू लागले. "खुंटा मजबूत देला," ते म्हणत, "हालतच नाई."

माझे माहेर सिंदेवाहीकडे, धानाच्या मुलखात. तिथे गावाला तळे, वावराला बोडी म्हणजे लहान तळी, आणि पावसाळाभर घराच्या मागे बेडूक. पाणी मोजायचे असते हे मला माहीतच नव्हते. सासरी पहिल्या सकाळी मी लवकर उठले, दारातली भरलेली बादली घेतली, शेण कालवले आणि अंगणभर सडा टाकला. चांगला ओलाचिंब, माहेरी टाकतो तसा. नवी सून कामाची आहे हे दिसावे म्हणून गिरजाबाईंच्या दारापर्यंत टाकला.

भासरे बाहेर आले. अंगणाकडे पाहत राहिले. मग वाकून ओल्या मातीला बोट लावले आणि गोठ्याशी जाऊन म्हणाले, "पाखऱ्या, तुह्यं आजचं पानी आंगनानं पेलं गा."

त्या दिवशी त्यांनी आपल्या अंघोळीचे पाणी पाखऱ्यापुढे ठेवले आणि स्वतः तसेच राहिले. मला कोणी रागावले नाही. पण मी दिवसभर त्या अंगणात पाय ठेवला नाही.

हळूहळू कळले की भासऱ्यांचे पाण्याचे माप बादली किंवा घागर नव्हतेच. सगळ्यात लहान माप वासरू. त्यावर गोऱ्हा, मग गाय, मग बैल, आणि सगळ्यात मोठे माप म्हैस. जगातली प्रत्येक गोष्ट ते या मापात धरत. पाहुणा आला की, "एक गोऱ्हा आला बापा घरी." बारसे झाले की, "दोन बैलात आटोपलं, बरं झालं." गावात कोणी फार रडला तरी म्हणायचे, "वासराभर पानी डोळ्यातून काढलं त्यानं. पाजता नसतं आलं का?"

गिरजाबाईंची जीभ मोठी तिखट. त्या मुद्दाम कुंपणाजवळ येऊन विचारत, "झिरेभाऊ, माही सून आज डोक्यावरून न्हायली. किती झालं?"

"केस कुठवरी आहेत?"

"कमरेवरी."

भासरे खरोखर विचार करत आणि म्हणत, "मंग म्हैस."

मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसे. पण माझे हसू फार टिकत नसे, कारण एका गोष्टीचा मला रोज अपमान वाटे. भासरे मला पाण्याला जाऊ देत नसत.

गावातल्या साऱ्या बाया सकाळी घागरी घेऊन नाल्यात उतरत. पहिल्या आठवड्यात मीही घागर उचलली. भासरे अंगणात होते. पाखऱ्याला म्हणाले, "तळ्याची बाई आहे गा हे. इले चढन माहीत नाई. अर्धी घागर वाटेतच सांडवन, दोन वासरं ताहानली राह्यतीन. त्यापरीस मीच आनतो." आणि खांद्यावर कावड घेऊन चालू लागले. तेव्हापासून आमच्या घरचे पाणी कावडीने येऊ लागले. घरात धडधाकट सून आणि पाणी भरतात पिकल्या केसांचे भासरे, अशी गोष्ट त्या डोंगरावर कोणी पाहिली नव्हती.

"काय व राणीसाहेब," बाया जाता जाता म्हणत, "पाय दुखतेत का? पालखी पाठवू?"

मी घरात तोंड लपवे. मला वाटे, हा माणूस मला एका घागरीच्याही लायकीची समजत नाही. भासऱ्यांची बायको फार वर्षांपूर्वी माहेरी गेली ती परत आली नव्हती, हे मी ऐकले होते. गिरजाबाईंचे म्हणणे, झिरेभाऊंनी तिला पाण्याच्या मोजमापाने पळवून लावली. मला ते खरे वाटे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझे वडील माहेरची एक गाय घेऊन आले. ओळखीच्या ट्रकमधून पायथ्यापर्यंत, आणि तिथून डोंगर चढवत. कपाळावर पांढरा चांद, म्हणून नाव चांदरी. "पोरीच्या पोटात घरचं दूध जाईन," एवढेच वडील म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. त्याच पावसाळ्यात ते वारले. माझी आई लहानपणीच गेली होती. माहेरचे म्हणावे असे मला मग चांदरीच उरली.

चांदरीला पहिल्यांदा डोणीवर नेले त्या दिवसाची गोष्ट गावात पुष्कळ दिवस चालली. डोंगरातली ढोरे चार घोट घेऊन मान वर करतात. चांदरीने डोणीत तोंड घातले ते काढलेच नाही. भासरे तुंब्यामागून तुंबा ओतत राहिले आणि ती पीत राहिली. शेवटी तुंबा हातात धरून ते तिच्याकडे बघतच बसले.

"गाय नोहे हे," ते म्हणाले. "हौद आहे! दोन बैल पेली उभ्या उभ्या!"

तेव्हापासून रोज चांदरीला बोलणी बसू लागली. हौद, तळ्याची, पेदाडी. आणि गंमत अशी, की भासऱ्यांचे सगळे निरोप पाखऱ्याकडून चांदरीकडे गेले. पाखऱ्या दिवसा वावरात जाई, चांदरी घरी असे. "चांदरे, सांग तिले, मीठ सरलं." "चांदरे, सांग तिले, पाऊन कोस चालून आलो, ताक असन तं दे म्हनाव." मी परात वाजवीत होते ती वाजवीतच होते. पण गाय माहेरची असल्यामुळे असेल, एक दिवस माझे तोंड उघडले.

भासरे म्हणाले होते, "चांदरे, सांग तिले, भाकर जाड झाली."

मी आतून गाईला म्हणाले, "चांदरे, पीठच जाड दळून आलं म्हनाव."

बोलून झाल्यावर मी तोंडावर पदर दाबला. मग भासऱ्यांचा आवाज आला, अगदी गंभीर. "चांदरे, तुही मालकीन तं बोलते व!"

आणि ती जाड भाकर त्यांनी निमूट खाल्ली.

मग ते कोरडे साल आले. त्या साली पाऊस पोळ्याच्या आधीच मागे फिरला. ज्वारी भरली नाही, कडबा झाला नाही, आणि होळीच्या सुमारास झिरे इतके खाली गेले की एका टोपलीत काम भागेना. भासरे टोपलीखाली टोपली बसवत खणत गेले. आधी ते छातीपर्यंत खड्ड्यात दिसत, मग नुसते डोक्याचे फडके दिसे, मग तेही दिसेना. फक्त खालून वाळूचे टोपले वर येई.

ढोरांची पाळी त्यांनी लावून दिली. आधी वासरे, मग गाभण आणि दुभत्या गाई, मग कामाचे बैल, शेवटी म्हशी. कारण म्हैस पाण्यात तोंड कमी घालते आणि पाय जास्त. प्रत्येकाला तुंबे ठरलेले. लोक कुरकुरत, पण ऐकत. कारण प्रत्येक पाळीत आमच्या घरचे ढोर सगळ्यात शेवटी उभे असे.

तरी पुरेना. लोक ढोरे विकू लागले. बाजाराच्या आदल्या दिवशी ज्याचे ढोर जायचे असेल, तो ते घेऊन डोणीवर येई. अशा ढोराला भासरे तुंबे मोजत नसत. ते मान वर करेपर्यंत ओतत राहत. गिरजाबाई ओरडल्या, "जानाऱ्याले काऊन पाजता जी? राह्यनाऱ्याईचं पाहा!"

"वाटेत त्याले कोन पाजन, बाई?" भासरे म्हणाले.

चांदरी तेव्हा गाभण होती. तिच्यावरची बोलणी मात्र दुप्पट झाली. "हौदा, तुह्यापायी गाव मरन." "तळ्याची अवलाद, जरा तरी शरम कर." माझे घरधनी कमी बोलणारे, पण ऐकत सगळे. एक दिवस बाजारातून आले आणि खाली मान घालून मला म्हणाले, "चांदरीचा सौदा केला. इसार घेतला आन् त्याचा कडबा आनला. दादाले तिचं पानी जड होऊन राह्यलं. रोज बोलते ना तो."

कडब्याच्या पेंढ्या दारात पडल्या होत्या आणि बैल त्या खात होते. बैल जगले तरच पेरणी होणार होती. नवरा चुकीचे काही बोलत नव्हता. मी आत जाऊन चुलीपुढे बसले. चूल पेटलेली नव्हती.

घेणारा राजन्ना नावाचा व्यापारी. सीमेपलीकडचा, तेलुगू मिसळलेले मराठी बोलणारा, आणि माणूस वाईट नव्हता. चार दिवसांनी गाय न्यायला आला तेव्हा मला दाराशी पाहून म्हणाला, "रडू नको अम्मा. आमच्याकडे कालवा हाय. गाय सुखात राहील." ते खरेच असणार. म्हणून तर मला रडायलाही तोंड नव्हते.

त्याने दाव्याची गाठ सोडली, तेवढ्यात भासरे कावड घेऊन आले.

"गाय कुठी नेऊन राह्यले?"

"विकत घेतली अण्णा. विसार दिला."

भासऱ्यांनी कावड खाली ठेवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या घागरीतले पाणी हिंदकळून जमिनीवर सांडले, आणि त्यांचे तिकडे लक्षही गेले नाही.

"कोनं इकली?"

"मी इकली, दादा," घरधनी म्हणाले. "तूच तं रोज म्हनतं, हौद आहे म्हनून. तुह्यापायीच इकली."

"मी म्हनलो इका?" भासऱ्यांचा आवाज फाटला. "आरे, मी पाखऱ्याले रोज मर म्हनतो. मरते का तो? बोलतो म्हनजे काय इकतो का? ज्याच्याशी बोलावं वाटते त्यालेच तं बोलतो मी!"

राजन्ना दावे हातात धरून उभा. चांदरी मात्र सांडलेले पाणी चाटत होती.

"विसार परत द्या, गाय ठेवा," राजन्ना शेवटी म्हणाला. "मला भांडण नको."

पण विसाराचा कडबा झाला होता आणि कडबा बैलांच्या पोटात गेला होता. भासरे खाली बसले. राजन्नाच्या हातातल्या दाव्याकडे बघत राहिले. ते दावे जुने, तुटायला आलेले.

"तुले दोर लागत असतीन ना?" त्यांनी विचारले. "इतकी ढोरं नेतं. पोळा येऊन राह्यला समोर. नवे दावे, नवे कासरे कोनाले नाई पायजे?"

असे ठरले. दर खेपेला राजन्ना आमच्या वाटेने जाईल तेव्हा तयार दोर न्यायचे आणि विसारातून वजा करायचे. पोळ्यापर्यंत सगळे फिटले तर गाय आमची. थोडे जरी राहिले, तर गाय जाईल, आणि तोवर झालेले वासरूही तिच्यामागे जाईल. "हे आधी बोललेलं बरं, अण्णा," तो म्हणाला. भासऱ्यांनी मान हलवली.

आमच्या रानात पळस पुष्कळ. त्याच्या मुळ्या खणून ठेचल्या की चिवट वाख निघतो, त्याचा दोर पाण्यात कुजत नाही. भासरे सकाळी झिरा सांभाळत, दुपारी मुळ्या आणत आणि सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बसून ठेचत, वळत. वळताना वाख ओला करावा लागतो. त्यासाठी त्यांनी पाणी घेतले नाही. पाखऱ्याने डोणीत तोंड घातले की त्याच्या हनुवटीचे पाणी गळते, तिथे ते वाखाची जुडी धरत. गाव हसले. भासरे म्हणाले, "खाली पडनारं पानी आहे. कोनाच्या हिशेबातलं नोहे."

मीही वळू लागले. सपरीत ते, दाराच्या आत मी. माहेरी वडिलांजवळ बसून शिकले होते. पण मी डावखुरी, माझा पीळ उलटा पडतो. संध्याकाळी ते झिऱ्यावर गेले की मी माझे दोर त्यांच्या ढिगाच्या मधोमध घालून ठेवी, वर दिसू नयेत म्हणून. ढीग रोज थोडा जास्त वाढतो, हे त्यांना कळत नसेल असे मला वाटत होते.

राजन्ना पहिल्या खेपेला आला, दोर हातावरून सरकवत पाहू लागला आणि थांबला. "अण्णा, हे उलटे पिळाचे कोणाचे?"

"माहेच," भासरे म्हणाले. "थकलो का माहा हात तसा चालते."

मी दाराआड उभी होते. राजन्नाने ते दोरही मोजून घेतले.

वैशाखात एका दुपारी चांदरी बसली ती उठेना. डोळे निस्तेज, नाक कोरडे. घरधनी वावरात होते. मी दारातून बघत होते आणि बाहेर जाववत नव्हते, कारण भासरे तिच्याजवळ बसले होते. त्यांच्यापुढे पितळी गंगाळ होते, त्यांच्या अंघोळीचे. त्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगाला पाणी लागलेले कोणी पाहिले नव्हते. लोक त्यांच्यापासून जरा लांब बसत आणि टिंगल करत. ते पाणी रोज कुठे जाई, ते मला तेव्हा कळले. ओंजळीने ते तिच्या तोंडात पाणी सोडत होते आणि बोलत होते. रोजच्यासारखे ओरडून नाही. हळू, झिऱ्याजवळ बोलावे तसे.

"ऊठ व, चांदरे. तळ्याची आहेस तू, मले मालूम आहे. इथी तुले गमत नाई." मग तिच्या कपाळावरून हात फिरवला. "तुह्या आंगोदर बी एक आनली होती मी. तिकडचीच, तुह्या मालकिनीच्या मुलखातली. दोन उन्हाळे काढले तिनं इथी. दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर. दिवसाच्या किती खेपा, मी मोजल्या नाई. मी ढोरं मोजत होतो."

चांदरीने ओंजळीतले पाणी चाटले.

"मंग माहेरी गेली ते आलीच नाई. आनाले गेलो मी. गावाच्या आंगोदर तळं लागते. काठावर बसून होती, पान्यात पाय सोडून. काई करत नोती. नुसती बसून होती. अशी बसलेली मी तिले इथी कदी पाह्यलीच नोती, चांदरे." त्यांनी फडक्याने गाईचे नाक पुसले. "आवाज नाई देला मी. झाडामागून मागच्या मागं आलो."

पुन्हा ओंजळ भरली.

"हे तुह्या मालकिनीले सांगू नको."

माझ्या हातात अर्धा वळलेला दोर होता. त्याचा पीळ सुटत गेला तरी मला कळले नाही.

उन्हे कलल्यावर चांदरी उठली. दुसऱ्या सकाळी भासऱ्यांनी कावड दारात उतरवली, खाकरले आणि गेले. मी रोज घागरी लगेच आत घेई. त्या दिवशी घेतल्या नाहीत. कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. काठोकाठ भरलेल्या होत्या, चढण चढून आलेल्या, आणि वाटेत एक थेंब सांडलेला नव्हता.

पुढे पाऊस आला, उशिरा पण आला, आणि दोन्ही झिरे टोपल्यांसकट वाहून गेले. भासरे काठावर उभे राहून म्हणाले, "जाऊ द्या, पुढच्या साली नवे खनू." चांदरीला कालवड झाली, आईसारखाच कपाळाला चांद. घरधन्यांनी मजुरीचे चार पैसे बाजूला ठेवले, आम्ही दोघे दोर वळत राहिलो. तरी पोळा जवळ आला तशी माझी झोप कमी झाली. कालवड आईला लुचे आणि मला वाटे, या दोघींना मिळून किती दोर लागतात?

पोळ्याच्या आदल्या दिवशी राजन्ना आला. सपरीत बसून त्याने दोर मोजायला घेतले. घरधन्यांनी पैसे त्याच्यासमोर ठेवले. मी दाराआड. भासरे गोठ्यात चांदरीजवळ उभे, पाठ माझ्याकडे. तेव्हा माझे लक्ष तिच्या गळ्याकडे गेले. नवे दावे होते. पीळ उलटा.

राजन्नानेही ते पाहिले. "अण्णा, तो एक राहिला की. तोही टाका यात."

"तो इकाचा नोहे," भासरे म्हणाले. "बाकीच्यात पाहा. नाई पुरलं तं सांग."

राजन्ना पुन्हा मोजू लागला. ओठ हलत होते, बोटे हलत होती. घरधनी त्याच्या बोटांकडे बघत होते. मला तिकडे बघवेना. भासऱ्यांनाही बघवत नसावे, कारण ते गाईशी बोलू लागले.

"चांदरे, सांग तिले. नाल्याले भरून पानी आलं आहे. उद्या पोळ्याची ढोरं धुवाले नेतो, तवा तिनंही यावं म्हनाव. घागर आनू नको म्हनाव. काठावर माह्या बसाचा दगड आहे. तिथी बसावं, पान्यात पाय सोडून."

माझा हात परातीकडे गेला आणि परत आला. त्यांनी गाईला जे सांगू नको म्हटले होते, ते तिने सांगितले नव्हते. मलाही न ऐकल्यासारखेच राहायचे होते. पदर डोक्यावर पुढे ओढून मी म्हणाले, "चांदरे, येतो म्हनाव." आणि मग काय झाले कोण जाणे, पुढचेही तोंडातून निघून गेले, "नाल्यात किती बैलाचं पानी आहे, ते विचार म्हनाव."

चांदरीच्या गळ्यातल्या दाव्यावरून भासऱ्यांची बोटे फिरत होती.

"मोजलं नाई म्हनाव," ते म्हणाले.

"अण्णा," राजन्नाने सपरीतून हाक मारली आणि दोरांचा ढीग खांद्यावर घेतला, "गाईशी मागून बोला. हिशेब बरोबर हाय. सगळे पैसे फिटले."